पात्रबदल

सोमवारी रात्री नऊला दाभोळची खाडी रिकामी असायची.
तर धोपाव्याला अडकली असती
तर तांडेल एकवेळ पोहत आला असता,
पण 'तिसरं दार' चुकवलं नसतं त्यानं.

टीव्ही एकच, हसीनाबी पारकरांचा,
कुवेतहून आलेला, वर क्रोशाचा रुमाल.
वीज गेली की कुणाच्या तरी होडीची बॅटरी उचलून आणायची
आणि सकाळी ती होडी धक्क्यालाच.
शेखर वकील केस जिंकतो की नाही,
हे मासळीच्या आधी कळायला हवं होतं.

आम्ही पोरं पुढे, गार फरशीवर.
मागे बाया, पुढ्यात कोळंबीची पातेली,
जाहिरात लागली की सोलणं सुरू.
थोरल्या वहिनीचं काम करणाऱ्या त्या गोऱ्या बाईला
इतक्या शिव्या बसायच्या
की हसीनाबी दोन्ही कानांवर हात ठेवायच्या
आणि तिसरी शिवी स्वतः घालायच्या.
मग शेखर वकील घसा खाकरायचा:
"माझं म्हणणं एवढंच आहे…"
आई पदर सारखा करून बसायची,
जसा काही तो इकडेच बघतोय.
बाबा तेव्हा मोठ्या बोटीवर.
पत्रावरचं तिकीट दर वेळी वेगळ्या देशाचं.

एका सोमवारी शेखर वकील घरी परतला
आणि तो दुसराच कुणी होता.
कोट तोच. चष्मा तोच.
खालून पट्टी सरकली, 'यापुढे ही भूमिका',
पुढचं वाचेपर्यंत गेली.
त्या घरात कुणाला काही वाटलं नाही.
मुलगी "बाबा" म्हणून बिलगली,
बायकोनं चहा दिला.
"ह्यो तो न्हाय," आई म्हणाली,
आणि आम्हा दोघांचे हात धरून काळोखातून घरी.
चार सोमवार गेली नाही.
पाचव्याला गेली. दाराजवळ बसली.

त्याच शिमग्याला बाबा आले,
साडेतीन वर्षांनी.
गाल आत, दाढी, वरचे दोन दात नवे,
जिभेवर कुठल्याशा बंदरातलं हिंदी.
दारात उभं राहून हाक मारली मला,
धाकट्याच्या नावानं.
मी खाली बघितलं,
उंबऱ्यापाशी पट्टी सरकतेय का.
आईनं चहा दिला.

परवा फेरीबोटीत, दोन गाड्यांच्या फटीत,
एक म्हातारा कठडा धरून उभा.
मी तिकीट फाडलं, सुटे मागितले.
"माझं म्हणणं एवढंच आहे," तो म्हणाला,
"पाचशेच्या खाली माझ्याकडे नोटच नाही."
माझ्या हातातलं पुस्तक खाडीत पडायचं राहिलं.
अरविंद टिपणवार!
केस गेलेले, आवाज जागच्या जागी.

बोट धक्क्याला लागायच्या आत आईला फोन केला.
सुक्या बांगड्यांची पाटी तशीच डोक्यावर घेऊन,
गुडघा दाबत, ती उतारावरून आली.
सही मागितली नाही. फोटो नको म्हणाली.
"मधीच का गेलात?"
तो हसला, चष्मा काढून पुसत राहिला.
"पैसे वेळेवर द्यायचे नाहीत हो. दोन पोरं होती."
आई त्याच्याकडे बघत होती, की त्याच्या मागच्या पाण्याकडे.
"आमच्या ह्यांचाबी पगार अडकला व्हता," म्हणाली,
"म्हणून ऱ्हायले तिकडं."
चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
टिपणवारांना 'हे' कोण ते कळलं नसणार,
तरी त्यांनी मान हलवली,
अगदी शेखर वकिलासारखी.
मागून गाड्यांचे हॉर्न.
आईनं त्यांना बारा बांगडे बांधून दिले.
पैसे घेतले, मोजून.

संध्याकाळी बाबा पडवीत जाळं सांधत होते.
"तो आला व्हता," आई म्हणाली.
"कोन?"
"पयला."
बाबांनी सुई थांबवली नाही.
"बरा हाय ना?"